लहान मुलांना घेऊन गणपतीला गावी: कोकणातल्या घरी चतुर्थीची तयारी

एरवी दोन वृद्ध माणसांची वस्ती असलेले कोकणातले घर चतुर्थीच्या आदल्या रात्री पंधरा-वीस माणसांनी भरून जाते. न्हाणीघरापुढे रांग लागते, चुलीवर मोठी भांडी चढतात आणि या सगळ्या लगबगीत दोन ते आठ वर्षांचे मूल नेमके पायात येईल अशा जागी उभे असते. त्याला दर पाच मिनिटांनी कुणीतरी बाजूला सारते. देवाच्या खोलीत हात लावायचा नाही, स्वयंपाकघरात यायचे नाही, खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, चिखल आहे म्हणून उतरायचे नाही, असे ऐकून ऐकून दुसऱ्या दिवशी ते पडवीत एखाद्या काकाच्या मोबाइलमध्ये डोके घालून बसते आणि मग आपणच म्हणतो की आजकालच्या मुलांना सणांची आवड उरली नाही.

यावर उपाय सोपा आहे, मात्र तो दोन महिने आधी सुरू करावा लागतो. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवाच्या परंपरागत व्यवस्थेत, जशी प्रत्येक घराण्याकडे पालखीची, नारळाची किंवा देवाला घालायच्या पहिल्या गाऱ्हाण्याची जबाबदारी मान म्हणून असते, तसा घरातल्या गणपतीत मुलाला त्याचा स्वतःचा एक मान नेमून द्यावा आणि बाकी दिवसाची आखणी त्याच्या झोपेच्या व भुकेच्या वेळा धरून करावी. पुढील सूचना प्रामुख्याने सिंधुदुर्गातील पद्धती डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. रत्नागिरी आणि रायगडात नावे व रीती थोड्या बदलतील, पण कामाचा क्रम साधारण तोच राहील.

दोन महिने आधी: बोलणी आणि आरक्षण

पहिला फोन गावातल्या घरी करावा. यंदा गणपती किती दिवसांचा, खर्चाची आणि पूजेची पाळी कोणत्या भावाकडे, सोवळे किती काटेकोर, रात्रीच्या आरत्या साधारण किती वाजता संपतात, गौरीला गोडाचा नैवेद्य असतो की तिखटाचा, आणि विसर्जन नदीवर, व्हाळावर (ओढ्यावर) की समुद्रावर, एवढ्या गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. लहानपणापासून गावी जाणाऱ्या घरच्या माणसाला हे ठाऊक असते असे आपण धरून चालतो. पण लग्न होऊन घरात आलेल्या सुनेला किंवा जावयाला ते ठाऊक असेलच असे नाही, आणि मुलाला सांभाळण्याचा मोठा भार बहुधा त्यांच्यावरच पडतो.

मुलाच्या कामाविषयी बोलताना निर्णय कळवू नये, परवानगी मागावी. "काकी, यंदा दूर्वा निवडायचे काम आमच्या छोटीकडे दिले तर चालेल ना?" असे विचारले की काकी त्या कामाची राखणदार होते आणि ऐन पूजेच्या वेळी कुणी घाईने ते काम काढून घेत असेल तर तीच मध्ये पडते. हेच आपण परस्पर ठरवून गेलो, तर सोवळ्याचा प्रश्न उभा राहतो आणि मूल दोन मोठ्या माणसांच्या वादात सापडते.

आरक्षणाची बाब थोडक्यात. २०२६ साली गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, म्हणजे शुक्रवारी ११ सप्टेंबरला निघायचे असेल तर १३ जुलैच्या सकाळी आठ वाजता बसायला हवे, कारण कोकण रेल्वेच्या चतुर्थीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच पूर्ण ते बारा वर्षांखालील मुलाला जागेशिवाय अर्धे आणि जागेसह पूर्ण भाडे पडते. रात्रीच्या प्रवासात सहा वर्षांच्या मुलाला आपल्याच बर्थवर निजवून पैसे वाचवण्याचा मोह होतो. तो टाळावा, न झोपलेले मूल आणि न झोपलेली आई अशी जोडी सकाळी कुडाळ स्थानकावर उतरली, तर पुढचे दोन दिवस वाया गेलेच म्हणून समजावे.

मान कसा निवडावा

मुलाला द्यायचे काम खरे असले पाहिजे. खोटे काम मुलांना लगेच ओळखू येते. "हे घे, तू हे धरून उभा राहा" असे म्हणून हातात दिलेली रिकामी वाटी ते दोन मिनिटांत खाली ठेवतात. त्या कामावाचून पूजा अडली पाहिजे, ते दहा-पंधरा मिनिटांत पुरे होणारे असावे, आणि गणपती घरात असेपर्यंत रोज तेच काम त्याच मुलाकडे राहावे. आणखी एक अट मोठ्यांसाठी आहे: मुलाने केलेले काम त्याच्यासमोर पुन्हा नीटनेटके करायला घेऊ नये. हार वाकडा झाला तर वाकडाच राहू द्यावा.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला आरतीच्या वेळी घंटा वाजवणे किंवा परसातून आणलेली जास्वंदीची फुले तबकात मांडणे जमते. फुले ठेवताना ते चार वेळा उचलून पुन्हा ठेवील, एखाद्या फुलाची पाकळी तोडील; फुले थोडी जास्त काढून ठेवावीत, इतकेच.

चार-पाच वर्षांच्या मुलासाठी दूर्वांसारखे दुसरे काम नाही. दूर्वा कोवळी, तीन पानांची घ्यायची असते आणि गणपतीला एकवीस वाहण्याची रीत आहे. आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी लवकर मोठ्या माणसाबरोबर जाऊन दूर्वा खुडायच्या, पाण्यातून काढायच्या, तीन पाने आहेत की नाही हे पाहून वेगळ्या करायच्या आणि एकवीस मोजून दोऱ्याने जुडी बांधायची. बांधण्याचे काम मोठ्याने करावे. निवडणे आणि मोजणे मुलाचे. या वयात अकराच्या पुढे आकडे घसरतात, तेव्हा सात-सातच्या तीन ढिगाऱ्या करून द्याव्यात. तिसऱ्या दिवशी मूल दूर्वा आणि साधे गवत यांत न चुकता फरक करू लागते, आणि आपल्याच काकाने आणलेल्या जुडीतली दोन पानांची काडी बाजूला काढून टाकते. त्या वेळी काकाने ती मुकाट्याने मान्य करावी.

सहा ते आठ वर्षांच्या मुलाकडे जबाबदारीचे काम द्यावे. प्रसाद वाटणे, आरतीच्या आधी निरांजनात वाती घालून ठेवणे (पेटवणे नव्हे), माटवीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या, सामानाची यादी लिहिणे, वाडीतल्या चार घरी आरतीला बोलावून येणे, यांतले काहीही चालेल. प्रसाद वाटताना सर्वांत वडील माणसापासून सुरुवात करायची आणि स्वतः शेवटी घ्यायचा, एवढा एकच नियम सांगावा.

भावंडे असतील तर एकाच कामात दोघांना घालू नये. मोठ्याला पुढच्या वर्षी नवे काम मिळाले की जुने काम त्याने धाकट्याला शिकवून सोपवावे. या सोपवण्याला घरातल्या एका वडीलधाऱ्याने साक्ष राहावे, म्हणजे काम काढून घेतल्याची भावना मोठ्या भावाच्या मनात राहत नाही.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

शहरात वाढलेल्या मुलाला गावची माणसे वर्षातून एकदा भेटतात, आणि पोहोचताक्षणी दहा जण त्याचे गाल ओढतात. म्हणून आधीपासून रोज रात्री जुने फोटो दाखवत नात्यांची ओळख करून द्यावी: ही बाबांची आत्या, म्हणजे तुझी आत्येआजी, हा थोरल्या काकांचा मुलगा, त्याला दादा म्हणायचे. आरत्यांचेही तसेच आहे. रोज ठरलेल्या वेळी, आंघोळ घालताना किंवा जेवण झाल्यावर, हळू आवाजात एकच आरती म्हणावी. तीन वर्षांच्या मुलाला सबंध आरती येण्याची गरज नाही. ध्रुवपद आले आणि त्यावर टाळी पडली की भरल्या पडवीत ते सर्वांच्या बरोबरीने उभे राहते.

घरी शाडूची थोडी माती आणून मुलाला तिचा गणपती करू द्यावा. तो गणपतीसारखा दिसलाच पाहिजे असे नाही. तो वाळवून, बादलीत सोडून, माती कशी विरघळते हे निघण्याआधीच दाखवावे, कारण विसर्जनाच्या दिवशी त्याचा फार उपयोग होतो. ज्यांना श्रावणातच गावी एक फेरी करता येते त्यांनी मुलाला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, अवश्य न्यावे. आपल्याकडे घरचा लाकडी पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतात आणि त्याच पाटावर मूर्ती घडते. रंग न लावलेली, ओळीने मांडलेली गणपतींची पांढुरकी रांग, तिच्यातला आपला पाट आणि त्यावर खडूने लिहिलेले आपले आडनाव मुलाने पाहिले, तर चतुर्थीला घरी येणारी मूर्ती त्याला ओळखीची वाटते.

सामानात भाद्रपदातल्या पावसाचा विचार मुख्य ठेवावा. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून दिवसाला तीन जोड धरावेत आणि ते सुती असावेत. झगमगत्या कृत्रिम धाग्याचा घागरा किंवा शेरवानी समईजवळ धोक्याची असते. ती हवीच असेल तर फोटोपुरती घालून लगेच उतरवावी. मच्छरदाणी, विजेरी, मुलाचे रोजचे ताट-वाटी, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेले तापाचे औषध, जलसंजीवनीची पाकिटे आणि थर्मामीटर बरोबर घ्यावे. सणाच्या दिवशी तालुक्याचे औषधाचे दुकान उघडे असेलच, या भरवशावर राहू नये.

प्रवास

रेल्वेने जाणाऱ्यांना फारसे सांगायचे नाही. मोटारीने जाणाऱ्यांनी वाटेतले कशेडी, भोस्ते आणि परशुराम हे घाट लक्षात घेऊन मुलाचे पोट हलके ठेवावे, तळलेले पदार्थ टाळावेत, त्याला समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे आणि मोबाइल पाहू देऊ नये. दर दोन तासांनी थांबावे. पोहोचण्याचा दिवस चतुर्थीच्या किमान दोन दिवस आधीचा धरावा. ज्या दिवशी मूल पोहोचते त्या दिवशी ते कुठल्याच कामाचे नसते.

आदला दिवस: माटवी

लहान मुलांच्या दृष्टीने सबंध सणातला उत्तम दिवस चतुर्थीचा नव्हे, तिच्या आदल्या दिवसाचा असतो. गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगून तिला फळे, फुले, पाने आणि रानातल्या वस्तू बांधतात. तिला कुठे माटवी, कुठे मंडपी आणि गोव्याच्या बाजूला माटोळी म्हणतात. शहरी मखरात मुलाला करण्यासारखे फारसे नसते, पण माटवीत प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहता येते, तिचे नाव विचारता येते आणि ती कुठून आली हे कळते. नारळ, सुपारीचे घोस, तवसे, चिबूड, केळी, आंब्याचे टाळे, शेरवडाची पांढरी पाने, तेरड्याची फुले, लालभडक कवंडळे, कांगल्यांचे झुबके, कळलावीची आगीच्या जिभांसारखी फुले अशी ही मांडणी असते आणि हंगामात जे रानात येते त्याचा तो जवळजवळ पूर्ण नमुना असतो.

काम असे करावे. सकाळी पाऊस उघडला की मुलाला घेऊन आजोबांबरोबर परसात आणि वाडीच्या कडेला फिरावे. सगळे सामान बाजारातून आणू नये, निदान चार वस्तू स्वतः शोधाव्यात. परत आल्यावर पडवीत सुतळी, कात्री आणि सामान मांडून बसावे. मोठ्याने सुतळीचे एक-एक वीत लांबीचे तुकडे कापून द्यावेत आणि मुलाने प्रत्येक वस्तूच्या देठाला एक तुकडा गुंडाळावा. गाठ मारणे सहा वर्षांच्या पुढचे काम आहे. मग घरातला उंच माणूस स्टुलावर उभा राहतो आणि मूल खालून एक-एक वस्तू हातात देते. "आता काय देऊ?" हे विचारण्याचा अधिकार त्याचाच. कुठे काय टांगायचे यावर मोठ्यांत मतभेद होतातच. नारळ मधोमध, सुपारी दोन्ही बाजूंना, असे जुने माणूस सांगते. पण एक कोपरा मुलाच्या मर्जीवर सोडावा. त्या कोपऱ्यात तीन चिबूड एकाच जागी लटकतील. लटकू द्यावेत.

इथे सावधगिरीही सांगितली पाहिजे. कळलावी विषारी आहे. तिच्या सर्व भागांत, आणि कंदात विशेष प्रमाणात, कोल्चिसीन हे विष असते. कवंडळ दिसायला देखणे असले तरी खाण्याचे फळ नाही. या दोन वस्तू मुलाच्या हाती देऊ नयेत, मोठ्यांनी स्वतः बांधाव्यात, आणि खाली पडलेली फुले-फळे त्याच दिवशी केरात काढावीत, कारण रांगणारे बाळ जमिनीवरचे सर्व काही तोंडात घालते. सुपाऱ्यांचेही तेच.

चतुर्थीचा दिवस

पूजा, प्राणप्रतिष्ठा, आरती आणि नैवेद्य आटोपेपर्यंत दुपारचे दोन वाजतात. भटजी तीन वाड्यांत फिरत येणारे असतील तर तीनही वाजतात. पाच वर्षांखालच्या मुलाला तोवर उपाशी ठेवण्यात कोणतेही पुण्य नाही. नैवेद्याच्या रांधपात हात न घालता, आदल्या दिवशीच ठरवून, त्याचा वरणभात वेगळ्या चुलीवर किंवा गॅसवर करावा आणि साडेअकराला त्याला जेवू घालावे. याला वडीलधाऱ्यांचा विरोध होईल अशी धास्ती अनेक सुनांना वाटते, पण बहुतेक घरांत आजीच म्हणते, "पोराक आधी जेवक घाल, गणपती काय रागवाचो नाय." जेवलेले मूल आरतीला हसत उभे राहते आणि नंतर पानावर बसून मोदकही खाते.

पूजेपूर्वी त्याला एकदा सगळी मांडणी जवळून दाखवावी: समई कुठे, निरांजन कुठे, उंदीर कुठे. समई भिंतीकडे सरकवून ठेवावी आणि तिच्याभोवती रांगोळीची रेघ काढून, या रेघेच्या आत यायचे नाही, असे सांगावे. नुसते "लांब हो" म्हणण्यापेक्षा रेघ अधिक उपयोगी पडते, कारण लांब म्हणजे किती हे मुलाला दिसते.

प्रसादाविषयी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पंचामृतात मध असतो आणि एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये; मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो. दुसरे म्हणजे पंचखाद्यातली खारीक, खडीसाखर आणि खोबऱ्याचे तुकडे, तसेच फुटाणे आणि शेंगदाणे, चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. पंचखाद्य बारीक कुटून द्यावे. कौतुकाने मुलाच्या तोंडात काहीही घालणारे पाहुणे प्रत्येक घरी असतात. त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगण्याचे काम बाळाच्या आईवर न टाकता बापाने करावे.

मोदकाच्या कामात मूल

घरी सोवळ्याचा स्वयंपाक असेल तर मुलाला मोदकाच्या कामात घेण्यासाठी चतुर्थीऐवजी दुसरा दिवस धरावा. साधारण पंधरा मोदकांना दोन वाट्या तांदळाची पिठी, तेवढेच पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप लागते. सारणाला दोन वाट्या खोवलेला नारळ आणि एक वाटी चिरलेला गूळ, वर वेलची आणि भाजलेली खसखस. पाणी उकळले की पिठी घालून, ढवळून, झाकण ठेवून दोन वाफा काढतात आणि उकड गरम असतानाच मळतात. इथपर्यंत मुलाने लांब राहावे. विळीवरची खवणी, उकळते पाणी आणि वाफेचे भांडे या तिन्हींपासून निदान दोन हात अंतर हवे. झाकण काढताना उसळणारी वाफ उकळत्या पाण्याइतकीच भाजते.

मुलाचे काम त्यानंतर सुरू होते. वेलची सोलणे आणि हळदीच्या पानाला तूप लावणे तीन वर्षांच्या मुलाला येते. पाचव्या वर्षी त्याच्यापुढे लिंबाएवढा कोमट गोळा, एक वाटी पाणी आणि थोडे तेल ठेवावे. अंगठे आत आणि बोटे बाहेर ठेवून गोळा फिरवत वाटी करायची, कडा मधल्या भागापेक्षा पातळ ठेवायची, सारण पाऊण वाटीहून जास्त भरायचे नाही. कळ्या पाडताना मुले चिमटा फार जोराने काढतात आणि पारी फाटते. फाटलेल्या जागी ओले बोट फिरवून ती सांधता येते, हे एकदा दाखवले की रडणे थांबते. पाच कळ्या आल्या तरी पुष्कळ. दहा-बारा मिनिटे वाफवल्यावर मुलाचा बसका, एका बाजूला कललेला मोदक नैवेद्याच्या पानात अवश्य वाढावा, तोही दर्शनी जागी.

कळ्या जमतच नसतील तर निवगऱ्या हे लहानांचे हक्काचे काम. उरलेल्या उकडीत जिरे, कोथिंबीर, मीठ आणि मोठ्यांसाठी वाटलेली मिरची घालून चपट्या टिकल्या थापायच्या आणि मोदकांबरोबरच वाफवायच्या. मुलांच्या निवगऱ्यांत मिरची घालू नये. गोडाला नाक मुरडणारी मुले त्या तुपाबरोबर आवडीने खातात.

आरत्या, भजने आणि झोप

संध्याकाळी वाडीतली मंडळी घरोघर आरत्या म्हणत फिरतात, आणि झांजा, टाळ, मृदंग एका खोलीत एकदम सुरू झाले की कौलारू घर दणाणते. मोठ्यांना ते हवेच असते. दोन वर्षांचे मूल मात्र घाबरून किंचाळते आणि त्याला भित्रे ठरवले जाते. पहिल्या दिवशी त्याला कडेवर घेऊन खळ्यात उभे राहावे, तिथून आवाज ऐकू द्यावा. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी आत. हाती छोटी झांज आली की आवाज त्याचा स्वतःचा होतो आणि बहुधा भीती जाते. फटाक्यांच्या बाबतीत मात्र हळूहळू सवय लावण्याची काही गरज नाही. तिथून मुलाला सरळ घरात न्यावे.

झोपेची वेळ तासाभराहून अधिक ढळू देऊ नये. ज्या रात्री भजन किंवा डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) असेल त्या दिवशी दुपारी दोन तास झोपवावे आणि माजघराच्या आतली एक खोली मुलांसाठी राखावी. नवरा-बायकोने रात्री वाटून घ्याव्यात: एका रात्री एकाने भजनात बसायचे, दुसऱ्या रात्री दुसऱ्याने. सण आहे म्हणून आईने पाचही रात्री मुलाजवळ आत बसायचे आणि बाबांनी पाचही रात्री मृदंगाशेजारी बसायचे, ही पद्धत आता मोडायला हरकत नाही.

रात्री अंगणात उतरताना विजेरी आणि बूट हवेतच, आणि सकाळी बूट घालण्यापूर्वी ते उलटे झटकावेत. कोकणातला लाल विंचू लहान मुलांना घातक ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले, पण त्यासाठी मूल वेळेवर रुग्णालयात पोहोचले पाहिजे. झाडपाला लावत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पायाला जखम असलेल्या मुलाला शेतातल्या साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उतरू देऊ नये, कारण पावसाळ्यात या भागात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. परसातल्या विहिरीला कठडा नसेल तर गणपतीपुरते तरी बांबूचे कुंपण घालून घ्यावे.

ऋषिपंचमी आणि गौर

ऋषीच्या भाजीत मुलांना मजा वाटते ती भाज्या ओळखण्याची. बैलाच्या कष्टाचे न खाण्याचा हा दिवस असल्याने अळू, लाल माठ, भेंडी, शिराळी, सुरण, मक्याची कणसे अशा परसातल्या भाज्या एकत्र शिजतात. भेंडी मोडणे आणि मक्याचे दाणे सोडवणे मुलांना द्यावे. कच्च्या अळू-सुरणाला मात्र हात लावू देऊ नये, खाज सुटते.

गौर अनेक घरांत तेरड्याच्या रोपांची असते आणि ती पाणवठ्यावरून वाजतगाजत घरी येते. घरातल्या मुलींना इथे जुन्या काळापासून मान आहे, पण मुलग्यांनाही बरोबर न्यावे. तेरडा मुळासकट कसा उपटायचा हे त्यांनाही कळू द्यावे. ज्या घरी नवी सून ओवसायला, म्हणजे गौरीला सुपांतून वाण द्यायला, बसते तिथे सुपांची मांडणी पाहायला मुलांना पुढे बसवावे. फुगड्यांमध्ये चार वर्षांच्या मुलीला मोठ्या बायकांनी हात ओढून फिरवू नये, कोपराचा सांधा सरकतो. तिच्या वयाच्या मैत्रिणीबरोबर तिला फिरू द्यावे.

विसर्जन

बहुतेक घरांत मूल रडते ते या दिवशी. पाच-सात दिवस ज्याला मोदक भरवला, ज्याच्यासाठी दूर्वा मोजल्या, त्याला पाण्यात सोडायचे हे लहान मुलाला अन्यायाचे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. "रडू नकोस, पुढच्या वर्षी येणार आहे" असे म्हणून विषय संपवू नये. तीन वर्षांच्या मुलाला पुढचे वर्ष म्हणजे काय ते कळत नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री क्रम सांगावा: उद्या दुपारी उत्तरपूजा, मग शिदोरी म्हणून दहीपोहे बांधायचे, मग मूर्ती जागची हलवायची, मग सगळे चालत व्हाळावर जाणार, तिथे आरती, मग पाण्यात, आणि मग आपण रिकामा पाट घेऊन घरी येणार. बादलीत विरघळलेल्या शाडूच्या गणपतीची आठवण इथे करून द्यावी. तरी रडले तर रडू द्यावे, कडेवर घ्यावे, आणि त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवू नये.

या दिवशीही त्याचे काम चालू राहते. दहीपोह्यांचा डबा त्याच्या हातात द्यावा. विसर्जनानंतर पाटावर तिथली थोडी वाळू किंवा खडे ठेवून पाट घरी आणतात आणि गणपतीच्या जागी ठेवून पुन्हा आरती करतात. खडे वेचण्याचे काम मुलाचे. रित्या मखराकडे एकदम पाहावे लागण्यापेक्षा हातात काही घेऊन घरी येणे मुलाला सोपे जाते.

पाण्याजवळ एक नियम कडक ठेवावा: दर मुलामागे एक मोठा माणूस, ज्याच्या हातात दुसरे काहीही नाही, झांज नाही आणि मोबाइलही नाही. हा माणूस घरून निघण्यापूर्वी नाव घेऊन ठरवावा, कारण सर्वांचे लक्ष असते असे जिथे धरले जाते तिथे कुणाचेच नसते. भाद्रपदात व्हाळाला अचानक लोंढा येतो आणि शेवाळलेल्या पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून मुलांनी शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबावे. समुद्रावर विसर्जन असेल तर भरतीची वेळ आधी पाहावी. अनंत चतुर्दशी पौर्णिमेला लागून येत असल्याने त्या दिवशी उधाणाची भरती असते आणि पाणी पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) बरेच वर चढते. मूर्ती घेऊन पाण्यात उतरणाऱ्या बापाच्या मागे मूल धावतेच, तेव्हा त्याला धरणारा माणूस बापाहून वेगळा असावा.

ज्यांना जाता येत नाही

नोकरी, परीक्षा, तान्हे बाळ किंवा सुतक, कारण काही असो, एखाद्या वर्षी गावी जाणे होत नाही. अशा वर्षी घरच्या खिडकीवर बांबूच्या दोन काठ्यांची छोटी चौकट टांगून बाजारात मिळेल त्या फळापानांची माटवी मुलाला बांधू द्यावी आणि दूर्वांची जुडी त्याच्याकडेच ठेवावी. गावच्या आरतीला फोन लावायचा असेल तर ज्या काकीने दूर्वांचे काम मुलाकडे दिले तिलाच लावावा. यंदा ते काम कुणी केले, हे ती सांगेल.

गणपतीची वही

परतण्याच्या आदल्या दिवशी तासभर काढून एक वही लिहावी आणि ती गावच्या घरीच, पूजेच्या सामानाच्या पेटीत ठेवावी. यंदा माटवीला काय काय बांधले आणि ते कुठून आणले, मोदकाला किती पिठी लागली, भटजी किती वाजता आले, मूल कोणत्या आवाजाला घाबरले, कोणते औषध कमी पडले, कोणत्या मुलाकडे कोणते काम होते, एवढे पुरे. लिहिता येणाऱ्या मुलाने आपल्या कामाची नोंद स्वतःच्या हाताने करावी, न येणाऱ्याने चित्र काढावे. पुढच्या वर्षी आषाढात गावी फोन करण्यापूर्वी तिच्यातली यादी हाताशी असावी, म्हणून निघताना पानांचे फोटोही काढून घ्यावेत.